मायक्रोफोन कुठे ठेवला होता?

२९ जून १८८८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेल महोत्सव चालू होता. चार हजारांच्या आसपास गायक होते, ऑगस्ट मान्स त्यांचे संचालक, आणि गायलं जात होतं हँडेलचं 'इस्रायल इन इजिप्त'. एडिसनचा लंडनमधला प्रतिनिधी कर्नल गुरो याने पत्रकारांच्या सज्जात फोनोग्राफ मांडला होता, गायकांपासून चांगला शंभरएक यार्ड लांब. त्या दिवशीच्या मेणाच्या नळकांड्यांपैकी काही आजही टिकून आहेत आणि त्यांच्यावरचं गाणं कोणालाही ऐकता येतं. आधी नुसती खरखर येते. मग तिच्या मागून आवाजाचा एक मोठा फुगारा वर चढतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा खरखरीत बुडतो. शब्द लागत नाहीत. लय मात्र लागते आणि ती कमालीची संथ आहे. इतक्या माणसांना एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला जेवढा अवकाश हवा, तेवढा ती घेते.

आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या सांगीतिक ध्वनिमुद्रणांत या नळकांड्या मोडतात. म्हणजे १६०० ते १७५० या बरोक काळातलं धार्मिक वृंदगान ध्वनिमुद्रणाच्या जवळजवळ जन्मापासून त्याच्या सोबत आहे. तेव्हापासून या संगीतातलं काय बदललं नाही? गायकांची संख्या चार हजारांवरून आठवर आली. पोलादी तारांच्या जागी आतड्याच्या ताती आल्या. मूळ स्वराची पट्टी अर्ध्या स्वराने उतरली. ४४० हर्ट्झचा 'ए' ४१५ वर आला. लय दुपटीच्या जवळ गेली. स्त्रियांच्या जागी मुलगे आले, आणि बऱ्याच ठिकाणी पुन्हा स्त्रिया आल्या. यातला प्रत्येक बदल एकच दावा घेऊन आला: आता आपण बाखच्या, हँडेलच्या, मोंतेवेर्दीच्या अधिक जवळ पोहोचलो.

या सगळ्या वादात एका गोष्टीला कोणी हात लावला नाही. तंतुवाद्य कोणत्या साली घडवलं, गज कसा धरावा, लॅटिनचा उच्चार जर्मन वळणाचा असावा की इटालियन, यावर ग्रंथ लिहिले गेले. पण मायक्रोफोन कुठे ठेवला, किती ठेवले, गाणं एका दमात गायलं की तुकड्यातुकड्यांनी जोडलं, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलीत राहिला. माझं म्हणणं असं आहे की गेल्या शतकातल्या अनेक 'ऐतिहासिक' शोधांवर मायक्रोफोनची छाप आहे आणि ती उघडपणे मांडली जात नाही, तोवर या ध्वनिमुद्रिकांचा प्रामाणिकपणा अर्धाच राहतो.

१९२५ पर्यंत कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभं राहून गावं लागे. विजेचा मायक्रोफोन आला आणि मोठा वृंद प्रथमच तबकडीत मावला. १९२९ साली आल्बर्ट कोट्सने लंडनमध्ये बाखचा 'बी मायनर मास' संपूर्ण ध्वनिमुद्रित केला. १७ तबकड्या, ३४ बाजू, एका बाजूला साधारण साडेचार मिनिटं. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तबकडीने ख्यालाला कसं वळण दिलं, हे मराठी रसिकाला सांगायला नको. ख्याल आटोपता घेता येतो; लिहून ठेवलेली फ्यूग, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या आवाजांनी एकामागून एक उचलण्याची रचना, घेता येत नाही. पहिलं 'कीरिए'च एका बाजूत मावण्यासारखं नव्हतं. आवाजांचा गोफ विणला जात असताना मध्येच सुई उचलायची, तबकडी पालटायची, पुन्हा ऐकायला बसायचं. पण त्याच तबकड्यांनी बाखचा मास हजारो घरांत नेला आणि चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसांनी तो ऐकला, हेही तितकंच खरं.

१९३९ च्या पाम संडेला आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये विलेम मेंगेलबर्गने बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे ख्रिस्ताच्या छळाची आणि वधस्तंभाची गायनकथा, सादर केलं, ते मात्र फिल्मच्या पट्टीवर आवाज कोरणाऱ्या फिलिप्स-मिलर पद्धतीने, सलग धरलं गेलं. मेंगेलबर्गने रचनेतले बरेच भाग गाळले आहेत. स्वर वाटेल तसे ताणले आहेत, एखाद्या शब्दावर सगळा वृंद थांबवून धरला आहे. आज कोणताही जाणता संचालक असं करणार नाही, आणि करूही नये. तरीही ते ध्वनिमुद्रण मी पुन्हा पुन्हा ऐकतो, कारण त्यात एक ठरावीक सभागृह आहे, एक ठरावीक दिवस आहे आणि पाच महिन्यांनी युद्धात सापडणाऱ्या युरोपातला श्रोतृवर्ग आहे. खोकल्याचे आवाज आहेत. ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलो आहोत हे कळतं.

याच 'मॅथ्यू पॅशन'चा आरंभीचा वृंद जरा जवळून पाहू, कारण ध्वनिमुद्रणाने काय दिलं आणि काय हिरावलं ते तिथे स्वच्छ दिसतं. रचना दोन गायकवृंदांची आणि दोन वाद्यवृंदांची आहे. मंद्रातले स्वर एकाच जागी जड पावलं टाकत राहतात, त्यावर पहिला वृंद शोक करण्याची हाक देतो आणि दुसरा मधूनच एकेका शब्दाचा प्रश्न फेकतो. हे चालू असताना दोघांच्याही वरून तिसराच आवाज येतो. लांब, साध्या स्वरांत गायलेलं लुथरन स्तोत्र. खालचं सगळं मायनरमध्ये काळवंडलेलं, आणि हे मेजरमध्ये, निष्पाप.

१७३६ च्या लाइपझिगमधल्या प्रयोगात सेंट थॉमस चर्चचे दोन्ही ऑर्गन वाजले अशी नोंद आहे. मोठा ऑर्गन पश्चिमेच्या सज्जात होता. धाकटा त्याच्या समोरच्या टोकाला, उंचावर, भिंतीला घरट्यासारखा चिकटवलेला. पुढे चार वर्षांनी तो उतरवला गेला. स्तोत्राचे स्वर त्या टोकाकडून येत असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे चर्चमधला माणूस दोन आवाजांच्या मध्ये बसलेला होता: एकीकडून छळाची कथा, दुसरीकडून स्तोत्र. या रचनेत जागा हाच एक सूर आहे, असं म्हटलं तर चुकणार नाही.

मोनोच्या काळात हे तिन्ही आवाज एकाच भोकातून बाहेर पडत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ आला आणि दोन वृंद डाव्या-उजव्या बाजूंना वाटले गेले. कार्ल रिख्टरने १९५८ साली म्युनिचमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणापासून हा संवाद घरच्या दोन स्पीकरांमधून खऱ्या अर्थाने ऐकू येऊ लागला. ही मोठी मिळकत होती. पण तिसऱ्या आवाजाला स्टिरिओत जागाच नाही. ते स्तोत्र मध्ये आलं, इतरांच्याच रांगेत, आणि ठळक व्हावं म्हणून नियंत्रणकक्षात मोठं केलं गेलं. अंतराचं काम आवाजाच्या पातळीवर सोपवलं गेलं. ऐकणारा दोन आवाजांच्या मध्ये बसण्याऐवजी सगळ्यांच्या समोर बसला, आणि भाविकाचा प्रेक्षक झाला. पुढे श्रोत्याभोवती आवाज पसरवणारी बहुवाहिनी तबकडी आली. तेव्हा हे अंतर परत मिळवता आलं असतं, पण बहुतेकांनी मागच्या स्पीकरांतून फक्त सभागृहाचा घुमारा सोडला.

ऑटो क्लेम्पररने १९६०-६१ मध्ये हेच 'पॅशन' लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये ध्वनिमुद्रित केलं. मेथडिस्ट मिशनची ती वास्तू ध्वनिमुद्रणासाठी जगात नावाजलेली होती, खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर अधूनमधून टेपवर उतरत असूनही. क्लेम्पररचा आरंभीचा वृंद बारा मिनिटांच्या घरात जातो. जॉन एलियट गार्डिनरने १९८८ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, स्नेपच्या जुन्या माल्टघराचं सभागृह झालं आहे तिथे, तोच वृंद सात मिनिटांच्या आसपास संपवला. स्वरलेखन एकच, आणि फरक पाच मिनिटांचा. क्लेम्पररकडे ती अंत्ययात्रा आहे. गार्डिनरकडे बाराच्या ठेक्यातलं नृत्याचं अंग उघड होतं आणि दुःखाला वेग येतो. गार्डिनरची लय मला बाखच्या जास्त जवळची वाटते. पण ध्यानात घ्यावं, ती लय स्नेपच्या स्वच्छ, आटोपशीर घुमाऱ्यात शक्य होती. लांब घुमणाऱ्या दगडी चर्चमध्ये तिचा चिखल झाला असता.

'जुनी वाद्यं, जुनी रीत' या चळवळीचा कणा निकोलाउस हार्नोंकूर्ट. १९५३ साली त्याने व्हिएन्नात 'कॉन्सेन्टुस मुझिकुस' उभं केलं. १९७० च्या त्याच्या 'मॅथ्यू पॅशन'मध्ये एकही स्त्री गात नाही. वरचे आवाज मुलग्यांचे आहेत. पुढच्याच वर्षी त्याने आणि गुस्ताव लिओनहार्टने बाखच्या सगळ्या धार्मिक कँटाटांचं, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठी रचलेल्या गायनकृतींचं, काम हाती घेतलं, ते १९८९ ला पुरं झालं. त्या तबकड्यांच्या पेटीत सोबत स्वरलेखनही छापून येई, श्रोत्याने ते समोर धरून ऐकावं म्हणून. त्या मालिकेतली मुलं कधी बेसूर होतात, लांब ओळीत त्यांचा दम तुटतो. कित्येक समीक्षक यावर नाराज होते. मला यातच त्या मालिकेचं मोल दिसतं. बाख दर रविवारी शाळकरी मुलांकडून हे अशक्य वाटणारं संगीत गाऊन घेत होता, आणि ते कठीण आहे ही गोष्ट ध्वनिमुद्रणातून ऐकू आली पाहिजे. एक भेद मात्र उरतोच. १८ व्या शतकात मुलाचा आवाज बऱ्याचदा सोळा-सतराव्या वर्षी फुटे. आज तो त्याच्या कितीतरी आधी फुटतो. बाखकडे जी पिकलेली, तरीही न फुटलेली गळ्याची जात होती, ती आज कोणत्याच वृंदाला मिळणार नाही.

मग आलं १९८१ साल. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ जोशुआ रिफकिनने अभ्यासकांच्या एका परिषदेत मांडलं की बाखचा 'वृंद' म्हणजे आपण समजतो तसा वृंद नव्हताच. बहुतेक कँटाटांत एका आवाजाला एक गायक, म्हणजे सगळे मिळून चौघे. तेच एकलगान करत आणि तेच वृंदगानही. पुरावा होता गायकांसाठी लिहिलेल्या सुट्या पानांचा. प्रत्येक आवाजाची सहसा एकच प्रत आणि तीत एकलगान व वृंदगान सलग लिहिलेलं. मध्ये कुठेही 'इथून बाकीच्यांनी गावं' अशी खूण नाही. विरोधकांनी १७३० साली बाखने नगरपालिकेला दिलेलं निवेदन पुढे केलं. त्यात प्रत्येक वृंदात आवाजाला किमान तीन, शक्य तर चार गायक हवेत असं तो लिहितो. रिफकिन म्हणाला, ही हजेरीपटावरची संख्या आहे. आजारी किती, वाद्यांवर बसवायचे किती, ते वजा करा. संचालक टॉन कोपमन आणि अभ्यासक क्रिस्टोफ वोल्फ यांना हे पटलं नाही. संचालक अँड्र्यू पॅरटला पटलं आणि त्याने या बाजूने सबंध पुस्तक लिहिलं.

कागदांपुरतं बोलायचं तर मला रिफकिनची बाजू भक्कम वाटते. पण वाद जिंकला गेला तो कागदांवर कमी आणि ध्वनिमुद्रिकेत जास्त. त्याच सुमाराला रिफकिनने 'बी मायनर मास' एका आवाजाला एक गायक घेऊन ध्वनिमुद्रित केला आणि ऐकणारे थक्क झाले. प्रत्येक आवाजाची वाट स्वतंत्र दिसू लागली, शब्द लख्ख झाले, तीन ट्रम्पेट आणि नगारे वाजत असतानाही मधला टेनर हरवला नाही. हे पाहून 'बघा, चौघापाचांत भागतं' असं म्हणणं सोपं होतं. पण टेनर हरवला नाही तो किती गळ्यामुळे आणि किती त्याच्यापासून काही फुटांवर असलेल्या मायक्रोफोनमुळे? रिफकिनच्या पक्षाचं उत्तरही विचारात घेण्याजोगं आहे: तेव्हाची वाद्यं आजच्यापेक्षा हलक्या आवाजाची होती आणि गायक त्यांच्या पुढे उभे राहत. तरीही हे चर्चमध्ये, भरल्या बाकांवर बसून ताडून पाहायची गोष्ट आहे. ध्वनिमुद्रिका तिचा पुरावा होऊ शकत नाही, कारण तीत समतोल ठरवणारा एक हात त्या १८ व्या शतकात नव्हताच.

याच अंगाने आणखी एक गोष्ट घडली. कंप नसलेला, सरळ, पारदर्शी आवाज या संगीताचा 'खरा' आवाज ठरला. क्रिस्टोफर हॉगवूडने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला 'मसाया', लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमधल्या १७५४ च्या प्रयोगावर बेतलेला, ज्यात एमा कर्कबी गायली, तो ऐकला की या आवाजाची मोहिनी कळते. मलाही ती आहे. पण असा आवाज मायक्रोफोनला फार मानवतो, हे विसरून चालणार नाही. दोन हजार माणसांपर्यंत गळ्याच्या जोरावर पोहोचायची गरज संपली की गळा असा हलका सोडता येतो.

जागेबद्दल तर आपल्या कानांवर फारच गोड संस्कार झाले आहेत. धार्मिक संगीत म्हणजे शेवटचा स्वर थांबल्यावरही काही क्षण घुमत राहणारी वास्तू, असं आपण धरून चालतो आणि ध्वनिमुद्रक तसं चर्च शोधतात. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ होप बॅगनलने फार पूर्वीच दाखवून दिलं होतं की धर्मसुधारणेनंतर सेंट थॉमस चर्चमध्ये लाकडी सज्जे आणि बैठका उभ्या राहिल्या आणि घुमारा पुष्कळ कमी झाला. बाखची वेगवान तंतुवाद्यं आणि गुंतागुंतीच्या फ्यूगा त्यामुळेच ऐकू येत असणार. त्यातून तिथे माणसांची गर्दी, हिवाळी कपड्यांतली. म्हणजे मध्यरात्री रिकाम्या चर्चमध्ये, रस्त्यावरची वाहनं थांबल्यावर केलेलं सुंदर घुमणारं ध्वनिमुद्रण लाइपझिगपासून दूरच आहे. उलट उदाहरण मोंतेवेर्दीचं. गार्डिनरने १९८९ साली त्याचं 'वेस्पर्स' व्हेनिसच्या सान मार्कोमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलं आणि त्या सोनेरी घुमटांखालचं वैभव सगळ्यांच्या कानांत बसलं. 'वेस्पर्स' छापलं गेलं १६१० साली व्हेनिसमध्येच, पण तेव्हा मोंतेवेर्दी मांतुआच्या दरबारी नोकरीला होता. सान मार्कोची सूत्रं त्याच्याकडे तीन वर्षांनी आली. ही रचना त्या घुमटांखाली त्याच्या हयातीत संपूर्ण गायली गेली याचा पुरावा नाही.

संचालक पॉल मॅक्रीशने वेगळी वाट धरली. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड कॅथेड्रलमध्ये त्याने संगीतकार प्रेटोरिउसच्या रचनांतून १६२० च्या सुमाराची लुथरन नाताळ उपासना बांधली. त्यात घंटा आहेत, ऑर्गन आहे, आणि स्तोत्रं गाणारा जनसमुदाय आहे. कसलेल्या गायकांच्या मागून जेव्हा सगळं चर्च स्तोत्र उचलतं, तेव्हा हे संगीत मैफलीसाठी नव्हतं ही गोष्ट कानाला पटते. १९९४ ची ती ध्वनिमुद्रिका मी या साऱ्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या कामांत धरतो.

टेप आल्यापासून ब्लेडने कापून चिकटवणं सुरू झालं, संगणकाने ते अदृश्य केलं. आज स्टुडिओतल्या कोणत्याही वृंदगानात वेगवेगळ्या वेळी गायलेले तुकडे शेजारी शेजारी असतात. यात फसवणूक नाही, चांगल्या संपादकाला संगीत कळावंच लागतं. पण सलग गाताना येणारा थकवा आणि त्या थकव्यातून वर चढण्याची धडपड त्यात उरत नाही. वधस्तंभाच्या कथेत ती उरायला हवी. म्हणून २००० साली गार्डिनरने काढलेली कँटाटा-यात्रा मला निर्णायक वाटते. १९९९ च्या नाताळात वायमारमधून निघून वर्षभर ही मंडळी युरोपभरची चर्चं आणि शेवटी न्यूयॉर्क अशी फिरली. ज्या रविवारसाठी जी कँटाटा लिहिली, ती त्याच रविवारी गायली. ध्वनिमुद्रणासाठी सोबत असलेल्या बड्या कंपनीने मध्येच हात आखडता घेतला, तेव्हा पुढे त्यांनी 'सोली देओ ग्लोरिआ' हे स्वतःचं लेबल काढून ती ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध केली. त्यात चुका आहेत, बदलणारे घुमारे आहेत, थंडीने आखडलेले स्वर आहेत. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जपानचा मासाआकी सुझुकी. कोबेच्या एकाच चॅपेलमध्ये १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं त्याने कँटाटांचे ५५ खंड पुरे केले. तिथे घडण आहे, घासूनपुसून घेतलेली, आणि तीही फार उंचीची. पण दोन्हींतून एक निवडायला सांगितलं तर मी यात्रा निवडेन.

आता नेदरलँड्स बाख सोसायटीने २०१३ पासून बाखच्या साऱ्या रचना चित्रफितींच्या रूपात सगळ्यांसाठी खुल्या करायला घेतल्या आहेत. कॅमेरा गायकांच्या इतका जवळ असतो की पान उलटण्याआधीचा श्वास दिसतो. डोळा कानाला वाट दाखवतो, आणि मोनोत हरवलेला दुसरा वृंद निदान दिसू तरी लागतो.

तबकडीच्या पुस्तिकेत तंतुवाद्य घडवणाऱ्याचं नाव असतं, पट्टी ४१५ ची असल्याचं लिहिलेलं असतं, कोणती संपादित आवृत्ती घेतली ते असतं. तिथेच आणखी चार ओळी हव्यात. मायक्रोफोन किती आणि किती अंतरावर होते, गाणं सलग गायलं की जोडलं, श्रोते हजर होते का, घुमारा वास्तूचा आहे की नंतर घातलेला. एवढं सांगितलं की कोणताही मार्ग गैर नाही.

हे संगीत आपल्यापासून फार लांबचं नाही. १७ व्या शतकात गोव्याला आलेल्या एका इटालियन कार्मेलाइट मिशनऱ्याने रोमच्या कारिस्सिमी या संगीतकाराचं संगीत इथे सात वृंदांनी गायलेलं ऐकलं, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे गोव्याच्या चर्चशाळांतून मेस्त्रींच्या, म्हणजे चर्चच्या संगीतगुरूंच्या, पिढ्या तयार झाल्या आणि त्यांनी रचलेली लॅटिन मोतेतं, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि रबेकांव या मंद्र तंतुवाद्याच्या साथीची, आजही ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात गायली जातात. ती जाणणारे जुने मेस्त्री थकत चालले आहेत. ज्यांच्यापाशी यंत्रं आणि उमेद आहे त्यांना माझी विनंती आहे: ही मोतेतं पणजीच्या किंवा मुंबईच्या स्टुडिओत बोलावून स्वच्छ करू नका. त्या त्या गावच्या चर्चमध्ये, उपासकाळातल्या त्यांच्या नेमक्या रविवारी, भरल्या बाकांसमोर ध्वनिमुद्रित करा, आणि मायक्रोफोन कुठे ठेवला होता तेही लिहून ठेवा.